पीक अवरचे दोन तास: आमच्या घरातली साडेतीन युनिटं नेमकी जात कुठे होती

हे एका घराचं प्रकरण आहे, आमच्याच. घरात पाच जण, मी, नवरा, नववीतली लेक, धाकटा मुलगा आणि सासूबाई (वय ७६, बीपीची गोळी चालू). वीज कंपनीने स्मार्ट मीटर बसवला आणि त्यासोबत पीक टाइमला, म्हणजे सगळ्यात जास्त मागणीच्या वेळी, वीज वाचवायच्या योजनेत नाव घालायचं का असं विचारलं, आम्ही हो म्हटलं. पूर्ण सीझन त्यात होतो. त्यात काय चुकलं, काय जमलं, आकडे काय आले ते सगळं लिहून ठेवते, कारण आम्हाला सुरुवातीला जे सल्ले मिळाले त्यातले निम्मे भलत्याच जागी ताकद लावणारे होते आणि दुसऱ्या कोणाच्या घरात तीच धडपड परत होऊ नये असं मनापासून वाटतं.

आधी योजना कशी चालते ते. आदल्या दिवशी दुपारी मेसेज यायचा की उद्या संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ कमी वापरा. अशा एका वेळेला सेशन म्हणतात. ज्याला भाग घ्यायचाय त्याने ॲपमध्ये बटण दाबायचं. मग त्या दोन तासांत तुम्ही नेहमीपेक्षा जितकी युनिटं कमी वापराल तितके क्रेडिट बिलात. आता "नेहमीपेक्षा" म्हणजे काय, तर मीटर दर अर्ध्या तासाचं रीडिंग पाठवतो, मागच्या दहा कामाच्या दिवसांत त्याच अर्ध्या तासांना किती वापर होता त्याची सरासरी काढतात, तिला बेसलाइन म्हणतात. ज्या दिवशी सेशन असतं तो दिवस या सरासरीत धरत नाहीत. हे बेसलाइनचं लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येऊन अडलं.

आमची पहिली बेसलाइन आली ३.५ युनिट. दोन तासांत साडेतीन. मला ते ऐकून काहीच बोध झाला नव्हता, जास्त की कमी तेही कळलं नाही.

पहिलं सेशन आम्ही अगदी उत्साहात केलं. घरातले सगळे दिवे बंद, टीव्ही बंद, राउटरसुद्धा काढला, मुलं टॉर्च घेऊन फिरत होती, आम्ही पत्ते खेळलो, मजा आली खरंच. दुसऱ्या दिवशी आकडा आला, वापर ३.१, बचत ०.४. लेकीचा चेहरा पडला. ती म्हणाली, आई आपण दोन तास अंधारात बसलो आणि फक्त एवढंच? मलाही कळेना. मग ॲपमध्ये अर्ध्या अर्ध्या तासाचा ग्राफ उघडला तर त्यात सात ते साडेसात हा एकच खांब उंच, १.२ युनिट. त्या वेळी काय होतं? धाकटा क्रिकेट खेळून आला होता आणि अंधारातच गीझर लावून अंघोळीला गेला होता, मागोमाग नवरा गेला. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, त्याचा लाल दिवा आमच्या डोळ्यांसमोर जळत होता आणि आम्ही पंख्याखाली बसून नऊ वॉटचे बल्ब वाचवत होतो.

इथून खरी सुरुवात झाली. रविवारी लेक आणि मी मीटरसमोर उभ्या राहिलो. मीटरवर एक बारीक लाल लाइट लुकलुकत असतो, त्याच्या शेजारी छापलेलं असतं एका युनिटला किती वेळा लुकलुकणार, आमच्यावर १६०० होतं. म्हणजे दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजायचं आणि २२५० ला त्याने भागायचं, की त्या क्षणी घरात किती वॉट चाललेत ते मिळतं. (तुमच्या मीटरवर ३२०० लिहिलं असेल तर ११२५ ला भागा.) लेकीने मोबाइलचा स्टॉपवॉच धरला. सगळं बंद, फक्त फ्रिज, राउटर, सेटटॉप बॉक्स आणि एक पंखा चालू असताना साडेबारा सेकंदांनी एकदा लुकलुकत होता, म्हणजे १८० वॉट. हॉलचा बल्ब लावला, फरक मोजताच येईना. मग मी आतून ओरडले गीझर लावते गं, आणि तो लाइट एकदम सेकंदाला एकदा असा धडधडायला लागला. ती मीटरकडे बघतच राहिली. त्यानंतर तिला कधी काही समजवावं लागलं नाही, घरातल्या प्रत्येक वस्तूची नाडी तिनेच मोजली, वहीत लिहिली.

त्या वहीतून साडेतीन युनिटांचा हिशोब असा लागला: दोन जणांच्या अंघोळीचा गीझर साधारण १, सासूबाईंच्या खोलीतला एसी ०.९, इंडक्शनवरचा स्वयंपाक ०.६, तीन पंखे मिळून ०.४, आणि बाकी फ्रिज, दिवे, टीव्ही, राउटर, चार्जर, सेटटॉप बॉक्स हे सगळं मिळून ०.६. म्हणजे अडीच युनिटं फक्त तीन गोष्टींची, आणि तिन्ही गरम किंवा गार करणाऱ्या. गीझर, एसी असलेल्या घरांत हे थोड्याफार फरकाने असंच असतं, कारण उष्णता तयार करणं किंवा हलवणं याला जितकी वीज लागते तितकी उजेडाला, आवाजाला, स्क्रीनला लागत नाही. एक तुलना मी आता सगळ्यांना सांगते, दोन हजार वॉटचा गीझर एक मिनिट चालला की नऊ वॉटचा बल्ब साडेतीन तास जळेल एवढी वीज गेली. "जाताना दिवा बंद करा" हे चांगलंच आहे, सवय असावीच, पण पीक अवरच्या योजनेत त्याने काही हलत नाही, आणि लोकांना तेवढंच सांगितलं की ते अंधारात बसतात, ०.४ बघतात आणि सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या सेशनला आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. गीझर बंद, एसी बंद, स्वयंपाक बंद, एक पंखा आणि फ्रिज तेवढा चालू. वापर ०.४५, बचत तीन युनिटांच्या वर. क्रेडिट मस्त आलं. पण हे सेशन मी अपयशी धरते, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण सासूबाई. त्या दिवशी उकाडा होता. मी दोनदा विचारलं आई ठीक आहे ना, एसी लावू का, त्या म्हणाल्या नको गं, मला काही होत नाही, मुलांचं बक्षीस जाईल. साडेआठला एसी लावायला खोलीत गेले तर ब्लाउज घामाने चिंब, तोंड कोरडं, उठताना भिंत धरली. काही झालं नाही, पाणी पाजलं, झोपवलं, पण मी रात्रभर जागी होते. म्हातारं माणूस, लहान बाळ, आजारी माणूस, घरात ऑक्सिजनचं मशीन किंवा नेब्युलायझर असेल तर ते, या गोष्टी योजनेच्या बाहेर. त्यांना विचारायचंही नाही, कारण विचारलं की ते हो म्हणतात, आपल्यासाठी सोसतात. आमच्याकडे त्या रात्रीपासून नियम, आईंच्या खोलीत गारवा राहिलाच पाहिजे, तो ठेवून जे जमेल ते वाचवायचं.

दुसरं कारण ग्राफमध्ये दिसलं. साडेआठ वाजले आणि घरातलं सगळं एकदम सुरू झालं, गीझर, एसी फुल, इंडक्शन. एरवी साडेआठ ते साडेनऊ आमचा वापर १.१ युनिटच्या आसपास असायचा, त्या दिवशी ३.६. म्हणजे वाचवलेल्या तीनातले अडीच आम्ही लगेच पुढच्या तासात परत घेतले. कोणी म्हणेल त्यात काय, योजना तर दोन तासांचीच होती. पण योजना कशासाठी आहे ते बघितलं की हे खटकतं.

वीज साठवून ठेवायची सोय ग्रिडमध्ये, म्हणजे वीज घरोघरी पोचवणाऱ्या जाळ्यात, अजून थोडीच आहे, ज्या क्षणी जितकी मागितली जाते त्याच क्षणी तितकी तयार व्हावी लागते, नाहीतर विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे तिची ठरलेली लय, हलते. संध्याकाळी सूर्य मावळतो, सोलर शून्यावर येतं आणि नेमके त्याच वेळी सगळे घरी येतात. एकूण मागणीतून सोलर वजा केलं की जी मागणी उरते तिचा ग्राफ काढला तर दिवसभर पोट खोल गेलेली आणि संध्याकाळी मान वर काढणारी रेघ दिसते, तिला कॅलिफोर्नियाच्या ग्रिडवाल्यांनी २०१३ मध्ये बदकाचा आकार म्हणून दाखवलं आणि तेच नाव चिकटलं, डक कर्व्ह. या मानेसाठी जी वीज केंद्रं चालू करावी लागतात ती बहुतेक वेळा सगळ्यात महाग आणि धुरकट, वर्षातले थोडेच तास चालणारी. ती चालू करण्याऐवजी लाखो घरांनी थोडं थोडं कमी वापरलं तर? हे नुसतं बोलायचं नाही, झालेलं आहे. ६ सप्टेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियात भयंकर उष्णतेची लाट होती, मागणी ५२,०६१ मेगावॉटवर गेली, तिथला विक्रम, पाळीपाळीने वीज तोडायची वेळ आली होती, आणि संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला मोबाइलवर इमर्जन्सी अलर्ट गेला की गरज नसलेलं बंद करा. थोड्याच वेळात मागणी सुमारे २,००० मेगावॉटने खाली आली आणि वीज तोडावी लागली नाही. ब्रिटनमध्ये त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून आमच्यासारखीच, बेसलाइन आणि मोबदल्याची योजना सुरू झाली, डिमांड फ्लेक्सिबिलिटी सर्व्हिस, पहिल्याच हिवाळ्यात १६ लाख घरं आणि धंदे त्यात होते, २२ सेशन झाली आणि ३,३०० मेगावॉट तासांहून जास्त वापर पीकमधून हलला.

हलला म्हणायचं, वाचला नाही. हा फरक मला दुसऱ्या सेशननंतर कळला. पीक अवरला तुम्ही काम रद्द करत नाही, त्याची वेळ बदलता. मग प्रश्न राहतो कुठे हलवायचं, आणि सगळ्यांनीच साडेआठच्या ठोक्याला हलवलं तर ग्रिडला नवीन डोंगर उभा राहतो. काम हलवायचं तर पुढे नको, मागे हलवा, दुपारकडे, जेव्हा सोलर भरपूर असतं. आणि मागे हलवायचं म्हणजे साडेसहाला बटणापाशी जाऊन काही होत नाही, तयारी दुपारीच लागते. मला या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट सांगायची असेल तर हीच, ते दोन तास आदल्या संध्याकाळी आणि त्या दुपारी जिंकायचे असतात.

तिसऱ्या सेशनला बटण दाबायचंच राहिलं, ते धरलंच गेलं नाही. तेव्हापासून मेसेज आला की जो बघेल त्याने लगेच दाबायचं असं ठरवलं.

चौथं सेशन नीट आखून केलं. गीझर २५ लिटरचा, टाकीवाला. पंचवीस लिटर पाणी पंचवीस डिग्रीवरून साठ डिग्रीला न्यायला साधारण एक युनिट लागतं, दोन हजार वॉटच्या कॉइलला अर्धा तास. आणि टाकीला आतून जाड फोम असतो, त्यामुळे एकदा तापलेलं पाणी चार पाच तासांनीही अंघोळीला हवं तितकं गरम असतं. हे माहीत असूनही आम्ही आयुष्यभर अंघोळीच्या आधी दहा मिनिटं गीझर लावत आलो होतो, सवय म्हणून. साडेतीनला चालू आणि चारला बंद असा टायमर लावला. (टायमर घेताना तो १६ अँपिअरचाच घ्या, साधा हलका स्मार्ट प्लग गीझरला लावू नका, वितळतो, आणि काम जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.) संध्याकाळी सातला धाकट्याने अंघोळ केली, बाहेर येऊन म्हणाला पाणी तर उलट जास्तच गरम होतं.

एसीचं असं केलं. एरवी साडेसहाला लावायचो, त्या दिवशी पाचलाच २४ वर लावला, पडदे ओढले, दार बंद. दीड तासात नुसती हवा गार होत नाही, भिंती, गादी, कपाट सगळं गार होतं, आणि मग तोच गारवा ते पुढचे दोन तास परत देत राहतात. साडेसहाला २७ वर नेला आणि पंखा लावला. बंद केला नाही. आईंना विचारलं गरम होतंय का, त्या म्हणाल्या उलट आज छान वाटतंय, मघाशी तर पांघरूण घ्यावंसं वाटत होतं. खोलीत मी थर्मामीटर ठेवला होता, साडेआठला २६.५ होता. एसीने त्या दोन तासांत ०.३ युनिट घेतलं, एरवी ०.९.

स्वयंपाक सहाच्या आत उरकला, कुकर झाकण न उघडता तसाच ठेवला, आठला फक्त दोन गोष्टी गरम केल्या. हे सगळ्यात अवघड होतं खरं सांगायचं तर, कारण मी साडेपाचला कामावरून येते. त्या दिवशी लवकर आले होते. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी जमत नाही, आमच्या नऊ सेशनांपैकी चार वेळा स्वयंपाक पीकमध्येच झाला आणि मी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. एक मात्र बोलून ठेवते, या योजनांचा भार घरात नकळत बाईच्या वेळापत्रकावर येतो, गीझर टायमर सांभाळतो, एसी रिमोट सांभाळतो, स्वयंपाक पुढेमागे करायचा म्हटलं की दुपार कोणाची मोडते ते बघा. आमच्याकडे सेशनच्या दिवशी कुकर लावणं नवऱ्याकडे आलं, तो घरून काम करतो. हे आपोआप झालं नाही, मला स्पष्ट बोलावं लागलं.

चौथ्या सेशनचा आकडा, वापर १.०, बचत २.५. दिवे चालू, राउटर चालू, कोणी घामाघूम नाही. साडेआठनंतरच्या तासात वापर १.२, म्हणजे नेहमीएवढाच, डोंगर नाही. आणि दिवसभराचा एकूण वापर? ११.४ युनिट, नेहमी ११.३ असतो. आधी गार करून ठेवण्यात आणि पाणी टाकीत ठेवण्यात किंचित गळती होतेच, ते ०.१ तिथे गेलं. म्हणून कोणी तुम्हाला सांगितलं की यात घरातली वीज वाचते तर ते अर्धंच खरं आहे, वीज तेवढीच लागली, फक्त महाग तासातून स्वस्त तासात गेली.

फ्रिजबद्दल खूप जण विचारतात. दोन तास बंद ठेवला आणि दार उघडलं नाही तर आतलं खराब होत नाही, पण वाचतं जेमतेम ०.१५ आणि नंतर कॉम्प्रेसर तितकंच ओढतो, शिवाय परत चालू करायला विसरलो तर सगळंच गेलं. आम्ही हात लावत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर दोन तास घर चालवायचं असंही नवऱ्याच्या मित्राने सुचवलं होतं, पण साध्या लेड ॲसिड बॅटरीत जितकं भरतो त्याचा चांगला मोठा हिस्सा वाटेतच जातो, आणि साडेआठला लाइनवर आलं की ती लगेच चार्जिंग सुरू करते, परत तोच डोंगर. वॉशिंग मशीन आणि इस्त्री मात्र सरळ सकाळी नेली, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

आता बेसलाइनची भानगड. चौथं सेशन इतकं सोपं गेलं की आम्ही गीझरचा टायमर रोजचाच करून टाकला, स्वयंपाकही जमेल तेव्हा लवकर. तीन आठवड्यांनी सेशन आलं, तेव्हा बेसलाइन दाखवली २.१. आम्ही ०.९ वापरले, बचत १.२, क्रेडिट आधीच्या निम्मं. नवरा म्हणाला, म्हणजे रोज चांगलं वागल्याची शिक्षा? मग रोज गीझर सातलाच लावूया, सेशनच्या दिवशी तेवढा हलवू, क्रेडिट परत भरभरून येईल. हिशोबाने तो चुकीचं बोलत नव्हता. काही जण तर याच्याही पुढे जातात, सेशन असणार असं वाटलं की मागचे काही दिवस मुद्दाम त्या वेळेत वापर फुगवतात.

आमच्याकडे यावर चांगला वाद झाला. माझं म्हणणं, ग्रिडला आपली गरज वर्षातल्या नऊ संध्याकाळी आहे आणि बाकीच्या साडेतीनशे संध्याकाळी नाही असं थोडंच आहे. रोज १.४ युनिट पीकमधून निघालं हे नऊ वेळा अडीच युनिट काढण्यापेक्षा किती मोठं आहे, गुणाकार करून बघ. वीस कामाच्या दिवसांत अठ्ठावीस युनिटं एकीकडे, नऊ सेशनांची मिळून बावीस साडेबावीस दुसरीकडे, म्हणजे एका महिन्यातच मागे पडलं. तो म्हणाला ते ग्रिडचं झालं, आपल्या बिलाचं काय. तर बिलाचं उत्तर असं की जिथे दिवसाच्या वेळेप्रमाणे दर बदलतात तिथे रोज हलवलेल्या युनिटाचा फायदा रोज मिळतो, आणि तो दर घेतला तर बेसलाइन खाली गेल्याचं दुःख उरत नाही. आम्ही तो दर घेतला. पण जिथे तसा दर नाही तिथे ही योजना रोज नीट वागणाऱ्या घराला कमी देते आणि कधीतरीच वागणाऱ्याला जास्त, हा तिच्या आखणीतला दोष आहे आणि तो ग्राहकाने सवयी बिघडवून दुरुस्त करायचा नाही, योजना चालवणाऱ्यांनी करायचा. मी हे त्यांच्या फीडबॅकमध्ये लिहिलं आहे, मोजलेल्या आकड्यांसकट.

उरलेली सेशनं फार वेगळी नव्हती. वापर ०.८५ ते १.३ च्या मध्ये, ज्या दिवशी स्वयंपाक पीकमध्ये झाला त्या दिवशी वरचा आकडा. सातव्या सेशनला धाकट्याला ताप होता, आम्ही बटणच दाबलं नाही, एसी हवा तसा चालला, पाणी हवं तेव्हा तापवलं. नवव्याला पाहुणे होते, तरी १.३ वरच राहिलो, कारण पाणी साडेतीनलाच तापलेलं होतं आणि खोली पाचपासून गार होती, पाहुण्यांना कळलंसुद्धा नाही की काही चाललंय.

आता खाली जायला जागा थोडीच आहे. त्या ०.८५ मध्ये पंखे जवळजवळ ०.३ घेतात, जुने ७० वॉटचे आहेत, तीसेक वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) बसवले तर तेही निम्म्याहून कमी होतील, पण ते सगळे एकदम बदलायला काढणार नाही, आधी आईंच्या खोलीतला, कारण तो दिवसाचे अठरा तास चालतो. सेटटॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी बारा वॉट खातो हे लेकीने शोधलं, त्याला आता बोर्डावरचं बटण आहे. आणि तिच्या वहीत शेवटच्या पानावर अजून एक ओळ तपासायची राहिली आहे, मध्यरात्री सगळं बंद असताना लाइट साडेअकरा सेकंदांनी लुकलुकतो, म्हणजे आधीच्या १८० पेक्षा पंधरा वॉट कुठूनतरी जास्त जातायत, ते कुठे ते सुट्टीत बघायचं आहे.